रानझुलीचे रंग: ढवळं जनावर नेमकं कुठून येतं?

भुईकोट

आपल्या सामायिक कथाविश्वात रानझूल हे कल्पित जनावर आता बऱ्याच कथांमध्ये आलं आहे, पण त्याचा रंग ज्याच्या-त्याच्या मर्जीने चाललाय. एका कथेत दोन तांबड्या जनावरांना काळं पिल्लू होतं, दुसरीत ढवळ्या जोडीला झूलवालं. सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी वाचकांच्या दावणीला जनावरं आहेत, त्यांना हे लगेच खटकतं. म्हणून हा धागा. रंगाचे नियम एकदा पक्के करू आणि पुढच्या कथा त्यावर बेतू.

आधी जनावराची ओळख. सीना आणि भीमेच्या मधल्या मुरमाड माळावर कळपाने चरणारं, काळविटापेक्षा थोराड, खांद्यापाशी साधारण १०० सेंमी उंच, वजन ६० ते ७० किलो, वेताला एक किंवा दोन पिल्लं. मूळ रंग म्हणजे तांबूस अंग आणि पाठीवर मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत काळी झूल.

सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्यं दोनच: काळं-तपकिरी यूमेलॅनिन आणि तांबडं-पिवळं फिओमेलॅनिन. रंगपेशी यातलं कोणतं बनवणार हे मुख्यतः दोन जनुकांवर ठरतं. एमसी१आर जनुक पेशीवरचा ग्राहक, म्हणजे संदेश घेणारं प्रथिन, बनवतं. तो चालू असला की काळं तयार होतं. अगूटी जनुकाचं प्रथिन त्या ग्राहकाला अडवतं, आणि जिथे अडवलं तिथे तांबडं. घोडा, गाय, उंदीर, सगळीकडे ही जोडी आहे, तेव्हा रानझुलीतही तीच ठेवू.

माझा आराखडा असा (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून):

का/क. का म्हणजे चालू ग्राहक, क म्हणजे बंद. क-क जनावर नखशिखांत तांबडं.

झा/झ. झा असेल तर अगूटी पोटावर आणि बगलांवर काम करतं, काळा फक्त पाठीवर उरतो. हीच झूल. झ-झ असेल तर अडवणारं कोणी नाही, सगळं अंग काळं.

फि/फ. फि रंग पातळ करतो. एक प्रत असली की तांबड्याचं पवळं होतं, काळ्यावर मात्र जवळजवळ काही परिणाम नाही. दोन प्रती असल्या की दोन्ही रंग उतरतात आणि सायीच्या रंगाचं ढवळं जनावर होतं: डोळे निळसर, कातडी गुलाबी. घोड्यातल्या क्रीम जनुकाचा हाच हिशोब.

बां/ब. एक बां असला की अंगावर पांढरे बांड. बां-बां गर्भ जगत नाही.

कथांमध्ये सगळ्यांत जास्त लागणारी जोडी म्हणजे दोन झूलवाली, दोघंही का-क झा-झ. त्यांच्या पिल्लांत १६ मागे ९ झूलवाली, ३ काळी, ४ तांबडी. दोन जनुकांच्या नेहमीच्या हिशोबातलं ९:३:३:१ इथे येत नाही, कारण क-क जनावरात ग्राहकच बंद आहे. त्याच्याकडे झा असो की झ, बाहेरून कळत नाही. लॅब्राडॉर कुत्र्यांत काळा, चॉकलेटी आणि पिवळा यांचं ९:३:४ याच कारणाने येतं.

कुठे काही अडतंय का, सांगा.

उजनीकाठ

आराखडा पटला. एक गोष्ट ठळक करून ठेवायला हवी. काळ्या जनावरात फि ची एक प्रत दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दोन काळ्याभोर जनावरांना ढवळं पिल्लू होऊ शकतं. दोघंही का-का झ-झ फि-फ असतील तर चारात एक पिल्लू फि-फि, म्हणजे ढवळं. घोड्यात असे काळे असतात. कोवळ्या उन्हात बाजूने पाहिलं तर अंगावर किंचित तपकिरी झाक दिसते, एवढीच खूण.

उलट दोन तांबड्यांना ढवळं कधीच होणार नाही. तांबड्यावर फि ची एक प्रतही उघडी पडते आणि जनावर पवळं दिसतं. त्यामुळे कथेत अचानक ढवळं पिल्लू हवं असेल तर आई-बाप काळे ठेवा, तांबडे नकोत. दोघं तांबडे दाखवून ढवळं पिल्लू आणलं तर जाणकार वाचक दुसरा बाप शोधायला लागेल.

हुरडा

फारच उपयोगी. मला पुढच्या कथेसाठी यात्रेच्या मिरवणुकीत अग्रभागी चालणारा पांढराशुभ्र नर हवा आहे, चांगला १५ वर्षांचा. वरच्या हिशोबाने तो फि-फि धरू ना?

कडबाकुट्टी

धरू नका. या माळावर फि-फि जनावर १५ वर्षं टिकणार नाही, आणि हा मुद्दा सगळ्या आराखड्याच्या मुळाशी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

केसांचा रंग आणि कातडीचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिलार बैल बघा. केस पांढरे, पण नाकपुडी, पापण्या आणि खालची कातडी काळी. पांढरे केस ऊन परतवतात, जेवढं आत शिरतं तेवढं काळी कातडी अडवते. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा अशीच रचना चालते. फि-फि मध्ये कातडीच गुलाबी असते. नाकाचा शेंडा, डोळ्याच्या कडा, कास, कानाची आतली बाजू, जिथे केस विरळ तिथे भाजतं, सोलतं, पुन्हा भाजतं. निळसर डोळ्यात रंगद्रव्य कमी असल्याने भर दुपारी जनावर डोळे किलकिले करून उभं राहतं. झाडं तुरळक, सावली कमी. कळपाबरोबर दिवसभर चरणारं असं जनावर पहिल्या दोन उन्हाळ्यांतच खंगेल. राजाच्या तबेल्यात, छपराखाली ठेवलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

पांढरं जनावर तीन वाटांनी येतं आणि तिन्हींचे परिणाम निराळे आहेत.

पहिली वाट फि-फि. रंगपेशी जागेवर आहेत, पण त्या रंग नीट भरत नाहीत.

दुसरी वाट बांडेपणाची. इथे रंगपेशी त्या जागी पोचलेल्याच नसतात. गर्भात या पेशी पाठीच्या मधल्या रेषेलगत तयार होतात आणि दोन्ही अंगांनी खाली सरकत जातात. सगळ्यांत शेवटी त्या कपाळावर, खुरांजवळ, पोटाखाली आणि शेपटीच्या टोकाला पोचतात, म्हणून कमी पडल्या की पांढरं तिथेच आधी दिसतं. पंढरपुरी म्हशीत कधी कधी कपाळावर, पायांवर आणि शेपटीच्या गोंड्यात पांढरं असतं, ते याच हिशोबाने. बांड रंगवताना ही दिशा पाळा: कपाळावर चांद, मग पायात मोजे, मग पोट, आणि तिथून वर चढत जाणारं पांढरं. पाठीवर पांढरा पट्टा आणि बगला रंगीत अशी गुरंही असतात, पण त्यांच्यात किट जनुकाचा तुकडा आपली जागा सोडून दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसलेला असतो. तसं हवं असेल तर वेगळं जनुक मांडावं लागेल. बां मध्ये ते मिसळू नका.

बांडेपण वाढवत नेलं की जवळजवळ पांढरं जनावर मिळतं, पण मग कानांचा प्रश्न येतो. आतल्या कानातल्या द्रवाचं रासायनिक संतुलन राखायला रंगपेशी लागतात. पांढरं कानांवरून पसरलं आणि आतल्या कानातही रंगपेशी पोचल्या नाहीत, तर त्या बाजूचा कान बहिरा होतो. डाल्मेशियन कुत्र्यांत हे सर्रास दिसतं. लांडग्यांच्या माळावर दोन्ही कानांनी बहिरं जनावर किती दिवस टिकेल? आणि मिरवणुकीत हलगी वाजली तरी ते कान टवकारणार नाही. लेखकाने ते लिहायला हवं.

तिसरी वाट राखी, आणि मला तीच हवी आहे. घोड्यांत हे जनुक प्रभावी आहे, म्हणजे एक प्रतही पुरते: एसटीएक्स१७ जनुकात ४.६ हजार अक्षरांचा एक तुकडा पुन्हा छापला गेलेला असतो. शिंगरू रंगीत जन्मतं आणि मग केसांतला रंग वर्षागणिक कमी होत जातो. कातडी, खुरं, डोळे काळेच राहतात. म्हणजे खिलाराला जे साधलंय तेच, वेगळ्या वाटेने. भुईकोट, आराखड्यात पाचवं जनुक घाला: रा/र.

भुईकोट

घातलं. रा प्रभावी, र साधं. मग जनावर पाहताना प्रश्न या क्रमाने विचारायचे: रा आहे का, बां आहे का, का आहे का, झा आहे का, आणि शेवटी फि किती. वरच्या प्रश्नाचं उत्तर खालचा रंग झाकू शकतं, म्हणून क्रम मोडू नये. पात्राच्या नावाआधी जनावराची पाचही जोड्या वहीत लिहून ठेवा. निम्म्या चुका तिथेच टळतात.

हुरडा

राखी चालेल, उलट कथेला जास्त चांगली. मग त्या नराचा पांढरा रंग नातवात उतरलेला दाखवता येईल का? मधला बाप काळा ठेवायचा विचार आहे.

उजनीकाठ

नाही. प्रभावी जनुक पिढी गाळत नाही. नातवात रा आजोबाकडून यायचा तर तो मधल्या बापातूनच येणार, आणि बापाकडे रा असेल तर तोही वयाबरोबर पांढरा होणार. एकच पळवाट आहे: बाप कोवळ्या वयात, रंग उतरायच्या आधीच दगावला. तेव्हा लोक त्याला काळाच समजत राहतील.

सातरस्ता

बां-बां जगत नाही हे ठरलं, पण कथेतल्या गुराख्यांना ते कळणार कसं? इथे बऱ्याच लेखकांची गफलत होते, म्हणून आकडे मांडतो.

बांडा नर आणि बांडी मादी, दोघंही बां-ब. गर्भधारणेत १ बां-बां, २ बां-ब, १ ब-ब. पहिला जातो, उरतात २ बांडी आणि १ साधं. म्हणून ३:१ ऐवजी २:१. पिवळ्या उंदरांत ल्यूसिएं क्वेनो यांना १९०५ मध्ये हेच कोडं पडलं होतं: पिवळ्या जोडीला कायम काही साधे उंदीर होतच राहायचे, शुद्ध पिवळा उंदीर सापडेचना. कॅसल आणि लिटल यांनी १९१० मध्ये दाखवलं की शुद्ध पिवळे गर्भ जन्माआधीच नष्ट होतात.

आता गुराख्याच्या नजरेने. समजा कळपात बांड्या जोड्यांची ४८ पिल्लं झाली: ३३ बांडी, १५ साधी. ३:१ धरलं तर अपेक्षा ३६ आणि १२. प्रत्येक गटात मोजलेल्यातून अपेक्षित वजा करा, वर्ग करा, अपेक्षिताने भागा, बेरीज घ्या: ९/३६ अधिक ९/१२, म्हणजे १.०. दोन गटांसाठी योगायोगाची सीमा ३.८४, म्हणून ३:१ नाकारता येत नाही. २:१ धरलं तर अपेक्षा ३२ आणि १६, बेरीज सुमारे ०.०९. तेही बसतं. म्हणजे ४८ पिल्लांवरून काहीच सिद्ध होत नाही, आणि ज्या कथेत म्हातारा गुराखी दहा-बारा पिल्लं बघून ‘बांड्यात दोष आहे’ म्हणतो ती कथा खोटी पडते.

मग त्याला खूण कुठे मिळेल? दोन ठिकाणी. एक, बांडा नर साध्या माद्यांत सोडा. नर बां-ब असेल तर दर पिल्लाला साधं निघण्याची शक्यता निम्मी. सलग ७ पिल्लं बांडी निघण्याची शक्यता १२८ मध्ये १. पिढ्यान्‌पिढ्या एकही बांडा नर असा निघत नाही ज्याची सगळी पिल्लं बांडी आहेत, हे लोकांच्या लक्षात राहतं. दोन, मादी उलटते. एकच गर्भ धरलेली बांडी मादी बांड्या नराने फळवली तर चारात एकदा गर्भ आत जिरतो आणि ती उशिराने पुन्हा माजावर येते. दोन गर्भ धरलेल्या मादीत दोन्ही जाण्याची शक्यता १६ मध्ये १, एक जाण्याची १६ मध्ये ६. अशा जोड्यांत दर गर्भधारणेमागे पिल्लांची सरासरी दोनवरून दीडवर येते. जुळ्यांसाठी नावाजलेल्या वाणाला बांड्या नरापासून वारंवार एकेकच पिल्लू होतंय, हे कोणत्याही पोसणाऱ्याला हिशोबाशिवाय कळतं.

भुईकोट

सातरस्ता, मृत्यू गर्भात ठेवायचा की जन्मानंतर? घोड्यात एका प्रकारच्या बांडेपणात शिंगरू पांढरं जन्मतं आणि काही दिवसांत मरतं.

सातरस्ता

ते ईडीएनआरबी जनुकामुळे होतं. ज्या पेशीगटातून रंगपेशी येतात त्यातूनच आतड्याच्या चेतापेशीही येतात. दोन प्रती बिघडल्या की आतडं हलत नाही, चीक पोटात साचतो, पोटशूळ होऊन शिंगरू जातं. कथेला ते फार जड जाईल, आणि मग लोक बांड्या जोड्या लावणंच सोडून देतील, बांडा रंग कळपात दुर्मीळ होईल. आपल्या कथांमध्ये बांड्या रानझुली भरपूर आहेत. म्हणून गर्भातच, लवकर, कोणाला न दिसणारा मृत्यू ठेवा.

उजनीकाठ

आणखी एक सुचवतो: का आणि बां एकाच गुणसूत्रावर ठेवा. घोड्यात एमसी१आर आणि किट ही दोन्ही जनुकं तिसऱ्या गुणसूत्रावर आहेत, तेव्हा हे अगदी स्वाभाविक आहे. जोडीतल्या दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होऊन हे दोघं १०० मागे १० वेळा वेगळे होतात असं धरू.

याने काय होतं पहा. एका नराच्या एका गुणसूत्रावर का आणि बां, दुसऱ्यावर क आणि ब. तो झूलवाला बांडा दिसतो. त्याला तांबड्या साध्या माद्या दिल्या तर १०० मागे ४५ काळा बनवू शकणारी बांडी, ४५ तांबडी साधी, ५ तांबडी बांडी आणि ५ काळा बनवू शकणारी साधी. म्हणजे या वाणात तांबडी बांडी क्वचितच. पण एकदा तांबडी बांडी मादी मिळाली की तिच्या एका गुणसूत्रावर क आणि बां एकत्र बसलेले असतात. तिला तांबडा साधा नर दिला की पुढची निम्मी पिल्लं तांबडी बांडी. गावागावांतल्या कळपांचे रंग वेगळे का, याचं उत्तर इथे आहे: सांगोल्याकडच्या कळपात का-बां जोडी, अक्कलकोटकडच्या कळपात क-बां. वेगळं जनुक लागतच नाही.

हुरडा

हे फार आवडलं. शेवटचे दोन प्रश्न. नर वयात आल्यावर काळवंडतात असं एका जुन्या कथेत आहे, ते एक्स गुणसूत्रावर टाकायचं का? आणि थंडीत काळी, उन्हाळ्यात फिकी होणारी जात एकाने सुचवली आहे.

कडबाकुट्टी

पहिल्याला एक्स गुणसूत्र नको. एक्सवरचा रंग बाप मुलाला देऊच शकत नाही, कारण मुलाला त्याच्याकडून वाय मिळतो. मग ‘बापासारखाच गडद मुलगा’ हे वाक्य कोणालाच लिहिता येणार नाही. नान्नजच्या माळावरचा काळवीट बघा: नर आणि मादी पिल्लं दोन्ही पिवळट, पुढे नर वयात येऊन गडद होतो, मादी तशीच राहते. रंगाचं जनुक दोघांतही असू शकतं, ते उघडं पडतं फक्त नरात. रानझुलीत तसंच ठेवा. झूल दोन वर्षांपासून खाली उतरायला लागते, चौथ्या वर्षी बगला झाकते, पोट कधीच झाकत नाही. झूलवाला म्हातारा नर आणि खरा झ-झ काळा यांत फरक करायचा तर पोट आणि मांडीची आतली बाजू बघायची.

दुसरं जमतं, पण दिशा सांभाळा. सयामी मांजरात टायरोसिनेज हे रंग बनवणारं विकर उष्णतेत काम सोडतं, म्हणून अंग फिकं आणि कान-पाय-शेपूट गडद. आपल्या उन्हाळ्यात कानही तापलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यात उगवलेले केस सगळीकडे फिके निघतील. मात्र उगवून झालेल्या केसाचा रंग हवेने बदलत नाही, नवा केस यावा लागतो. दिवाळीनंतर केस झडून नवे येतात असं लिहिलंत तरच पौषात कान काळे दाखवता येतील.

हुरडा

समजलं. मग माझा मिरवणुकीतला राखी नर वयाप्रमाणे कसा दिसेल, तेवढं सांगा. कथा त्याच्या जन्मापासून आहे.

कडबाकुट्टी

समजा तो का-का झा-झ रा-र. जन्मतः साधं झूलवालं पिल्लू, पण डोळ्याभोवती बोटभर रुंदीत पांढरे केस शोधा. पिल्लांच्या बाजारात जाणता माणूस पापणी वर करून तेच बघतो आणि मग आई-बाप दाखवा म्हणतो. दोन वर्षांपर्यंत तोंड राखाडी. तीन ते पाच या वयात अंगावर रुपयाएवढे फिके ठिपके, कडेने गडद जाळी. झूल सगळ्यांत उशिरा जाते, सातव्या-आठव्या वर्षीही पाठीवर धुरकट सावली उरते. दहाव्या वर्षी पांढराशुभ्र, नाक आणि पापण्या काळ्याच. रा-रा असता तर हेच सगळं दोन-तीन वर्षं लवकर झालं असतं. बाराव्यानंतर मानेवर आणि गालावर मोहरीएवढे तांबूस ठिपके येऊ द्या.

१५ व्या वर्षी त्याच्या शेपटीखाली कठीण काळ्या गाठी दाखवा. राखी घोड्यांत म्हातारपणी रंगपेशींच्या गाठी नेहमीच्या आहेत, आधी शेपटीच्या मुळाशी आणि गुदाभोवती येतात, बरीच वर्षं दुखत नाहीत. अगूटी निकामी असलेल्या, म्हणजे आपल्या हिशोबाने झ-झ, घोड्यांत त्यांचं प्रमाण जास्त असतं. तुमचा नर झा-झ आहे, तेव्हा दोन-तीन छोट्या गाठी पुरेत. झालर किंवा पट्टा शेपटीखालून बांधला तर त्या घासून फुटतात, म्हणून मिरवणुकीचा साज बांधणारा माणूस पट्टा पुठ्ठ्यावरून घेईल, शेपटीखालून नाही.